कपिसंयोग आणि काच

लोणचे काचेच्या बरणीत घालतात, कारण मीठ, आंबट आणि तेल हे तिघे वर्षभर झटले तरी काच त्यांना दाद देत नाही. प्रयोगशाळेत काचेला जो मान आहे तोही याच अलिप्तपणामुळे. आत ठेवाल ते तसेच बाहेर येईल, काच त्यात आपले काही मिसळणार नाही आणि त्यातले काही ठेवून घेणार नाही, या भरवशावर रसायनशास्त्राने आपला संसार मांडला. जीवशास्त्राने मात्र तिच्याकडे उलटेच मागणे मागितले. हे प्रथिन धर, हा डीएनएचा तुकडा धर. धुतले, उकळले तरी सोडू नकोस. आणि धरताना त्याचा जीव जाऊ देऊ नकोस. प्रयोगशाळेतली माझी बहुतेक वर्षे या शेवटच्या अटीपायी गेली.

धरण्याची जुनी युक्ती स्वयंपाकघरातलीच आहे. नेपल्सच्या सागरी प्राणिशास्त्र केंद्रात काम करणाऱ्या पाउल मायर यांनी १८८३ मध्ये अंड्यातल्या पांढऱ्या बलकात तेवढेच ग्लिसरीन मिसळले, ते गाळले आणि त्याचा पातळ हात काचपट्टीला देऊन ऊतींचे काप त्यावर बसवले. पॅराफिनमधल्या ऊतीचा चार-पाच मायक्रॉन जाडीचा काप कोमट पाण्यावर तरंगवायचा, काचपट्टीने अलगद उचलायचा आणि वाळवायचा. ऊब लागली की बलक गोठतो आणि काप धरतो. आपल्याकडच्या पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळांतही मायरचे अल्ब्युमिन वर्षानुवर्षे वापरात राहिले, आणि हिमॅटॉक्सिलिन-इओसिनच्या रोजच्या रंगकामाला ते पुरते. पण स्तनातल्या गाठीवर इस्ट्रोजेनचे ग्राहक आहेत का हे प्रतिपिंडांनी पाहायचे असले, तर तोच काप आधी बफरमध्ये उकळून काढावा लागतो. तिथे अंड्याची पकड सुटते आणि काप पाण्याबरोबर निघून जातो. तो काप कुणा बाईच्या गाठीचा असतो. सुईने काढलेला तुकडा एवढासाच असतो; पुष्कळदा त्यातून दुसरा काप निघत नाही. पकडीचा प्रश्न माझ्यासाठी नुसता रसायनाचा राहिला नाही, तो यामुळे.

काच म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे विस्कटलेले जाळे. आत प्रत्येक सिलिकॉन चार ऑक्सिजनांनी बांधलेला असतो. पृष्ठभागाशी हे जाळे अर्धवट तुटते आणि तुटल्या जागी पाण्यातून हायड्रॉक्सिल येऊन बसतात. त्यांना सिलॅनॉल म्हणतात. पूर्ण भिजलेल्या सिलिकावर एका चौरस नॅनोमीटरला ते सुमारे पाच असतात. ७५ बाय २५ मिलिमीटरच्या नेहमीच्या काचपट्टीला हाच हिशेब लावला, तर तिच्या एका बाजूला नव्वद लाख अब्जांहून अधिक हात होतात. अलिप्त म्हणून नावाजलेल्या काचेचे हे खरे रूप. पण हे हात रिकामे नसतात. हवेतली वाफ, बोटाचे तेल, कपाटातल्या द्रावकांचा वास, जे मिळेल ते त्यांनी धरलेले असते. शिवाय पाण्यात त्यांच्यातले काही आपला प्रोटॉन सोडतात आणि काचेवर ऋणभार येतो. डीएनएच्या कण्यावर फॉस्फेटांचा ऋणभार असतोच. दोघे एकमेकांना दूर लोटतात.

लॉर्ड रॅले यांनी १९११ मध्ये काचेवरून फुंकनळीची ज्योत फिरवली आणि मग काचेवर श्वास सोडला. ज्योत गेली त्या वाटेवर वाफेचे थेंब झालेच नाहीत, पाण्याचा सलग पापुद्रा पसरला; बाकीची काच नेहमीसारखी धुरकट झाली. काच खरोखर स्वच्छ झाली की नाही हे ओळखायला मी अजूनही आधी श्वासच सोडते. यंत्रे त्यानंतर.

तांब्याच्या पातेल्याला कल्हई होताना ज्याने पाहिले आहे, त्याला पुढचे समजायला वेळ लागणार नाही. कल्हईवाला भांडे तापवतो, त्यात नवसागर टाकतो, पांढरा धूर उठतो आणि तांब्यावरचा ऑक्साइडाचा थर निघून जातो. मगच कथील धरते, आणि कापसाच्या बोळ्याने ते सगळीकडे फिरते. काचेच्या बाबतीत नवसागराची जागा गंधकाम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांचे उकळते मिश्रण घेते. कथलाची जागा घेतो अमिनोसिलेन. या रेणूला दोन तोंडे आहेत. एका टोकाच्या सिलिकॉनला तीन इथॉक्सी गट असतात. पाणी लागले की ते अल्कोहोल होऊन निघून जातात आणि तो सिलिकॉन काचेच्या सिलॅनॉलांशी ऑक्सिजनाच्या दुव्याने जोडला जातो. मग काचपट्ट्या ११० अंशांच्या आसपास भाजल्या की ही जोडणी पक्की होते. दुसऱ्या टोकाला असतो अमाइन. तो वर राहतो, आणि जीवशास्त्राशी बोलतो तो तोच. सिलेनांची ही जात जीवशास्त्रासाठी जन्मलीच नव्हती. १९४० च्या दशकात काचतंतू आणि रेझिन यांचे पत्रे पाण्यात राहिले की कमजोर पडत, कारण पाणी दोघांच्या सांध्यात शिरे. तो सांधा राखायला सिलेन आले. पुढे कॉर्निंग ग्लास वर्क्समध्ये हॉवर्ड वीटॉल यांनी १९६९ मध्ये सच्छिद्र काचेला असे अमाइन बसवून त्यावर ट्रिप्सिन आणि पपईच्या चिकातले पपेन ही विकरे जोडली. काचेवर पक्के बसलेले विकर आपले काम करत राहिले. काम झाल्यावर काच गाळून काढायची, धुवायची आणि पुन्हा वापरायची.

सिलेनाला पाणी लागते, पण थेंबभरच. हा धडा मला पुण्यातल्या एका जुलै महिन्याने दिला. सिलेन ज्यात विरघळवतो त्या टोल्युइनची बाटली वारंवार उघडली जात होती आणि बाहेर दहा दिवस पाऊस थांबला नव्हता. त्या आठवड्यात भाजून काढलेल्या चाळीस काचपट्ट्यांवर सायीसारखा पांढरट पापुद्रा होता. सिलेनाचे रेणू काचेपर्यंत पोचण्याआधी द्रावणातच एकमेकांशी जुळले, त्यांच्या गुठळ्या झाल्या आणि त्या गुठळ्या काचेवर येऊन बसल्या. प्रतिपिंड त्यांनाही चिकटले; पुष्कळ चिकटले. मोजमापात आकडे चांगले दिसले. दोनदा धुतल्यावर गुठळ्या निघाल्या आणि प्रतिपिंडही त्यांच्याबरोबर गेले. जास्त चिकटणे आणि नीट जोडले जाणे यांतला फरक मी तेव्हा हाताने शिकले.

शब्दांत तो फरक मला फार वर्षांपूर्वीच भेटला होता, पण कळला नव्हता. आजोबांच्या कपाटात अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रहाची आठल्ये-बोडस यांची आवृत्ती होती, मुंबई संस्कृत मालिकेत १८९७ मध्ये निघालेली. न्यायवैशेषिकांनी संबंधाचे दोन मुख्य प्रकार मानले. समवाय म्हणजे वेगळा काढता न येणारा संबंध: धागा आणि वस्त्र, गुण आणि द्रव्य. संयोग म्हणजे वेगवेगळ्या असलेल्या दोन वस्तू जुळणे. आणि संयोगाविषयी नैयायिकांनी एक फार बारीक गोष्ट पाहिली. झाडावर माकड बसले आहे. झाडाला माकडाचा संयोग आहे का? फांदीशी आहे, मुळाशी नाही. एकाच झाडात, एकाच वेळी, माकडाचा संयोग आहे आणि त्याचा अभावही आहे. संयोग हा आपल्या आश्रयाला पूर्ण व्यापत नाही, म्हणून त्याला अव्याप्यवृत्ती म्हणायचे. कपिसंयोगाचे हे उदाहरण आजोबा हसत हसत सांगत, आणि मला ते शब्दांचा खेळ वाटे.

प्रतिपिंडाचा रेणू इंग्रजी वाय अक्षरासारखा असतो. ओळख पटवणारी जागा त्याच्या दोन्ही हातांच्या टोकांना. खालचा दांडा या कामाला लागत नाही. अमाइन बसवलेल्या काचेवर ग्लुटरअल्डिहाइडचा दुवा देऊन तो जोडला, तर तो दुवा प्रतिपिंडावर दिसेल त्या लायसिनला धरतो, आणि लायसिन तर रेणूभर विखुरलेले. काही प्रतिपिंड दांड्याने बसतात, काही आडवे पडतात, काही हातांवर उपडे होतात. उपडे पडलेले प्रतिपिंड काचेवर घट्ट असते आणि आंधळे असते. चार ठिकाणी बांधलेले प्रथिन त्याहून वाईट. त्याची घडीच उलगडते. म्हणजे सगळी कला एवढीच की रेणू एका जागी धरावा आणि बाकी सगळीकडे सोडून द्यावा. फांदीशी संयोग, मुळाशी अभाव. ज्या शतकात रेणू कुणी पाहिला नव्हता त्या शतकात आपल्याकडच्या तर्कशास्त्र्यांना रेणू ठाऊक होते, असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे त्यांच्यावरही अन्याय करते. संबंध असणे म्हणजे काय हा प्रश्न त्यांनी जितका खोल नेला तितका आमच्या पाठ्यपुस्तकांनी नेला नाही, एवढेच मला म्हणायचे आहे.

या कलेचा मला ठाऊक असलेला सर्वांत सुंदर नमुना १९९७ मधला आहे. आपल्या पेशींत एटीपी घडवणाऱ्या यंत्राचा एफ-वन हा भाग फिरतो, असे पॉल बॉयर यांचे अनुमान होते. जपानमध्ये नोजी, यासुदा, योशिदा आणि किनोसिता यांनी त्या प्रथिनाच्या बाहेरच्या कड्याला हिस्टिडिनांची शेपटी जोडली आणि निकेल बसवलेल्या काचेने ती शेपटी धरली. मधल्या दांड्याला बायोटिन आणि स्ट्रेप्टाव्हिडिनच्या दुव्याने चमकणारा ॲक्टिनचा धागा बांधला. एटीपी घातल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली तो धागा गोल गोल फिरू लागला, नेहमी एकाच दिशेने. कडे काचेला घट्ट, दांडा मोकळा. कडे सुटे असते तर सगळे प्रथिनच पाण्यात भरकटले असते. दांडाही चिकटला असता तर काहीच हलले नसते. ते दृश्य मी कितीतरी वेळा पाहिले आहे आणि अजूनही बघताना माझा श्वास थांबतो.

जोडून झाल्यावर निम्मे काम उरते, आणि त्याविषयी कुणी फारसे लिहीत नाही. काचेचे जे हात रिकामे राहिले ते पुढे येईल ते धरतील, आणि तसे झाले तर अंधारात सगळेच चमकेल. १९९५ मध्ये स्टॅनफर्डला पॉलिलायसिनचा लेप दिलेल्या साध्या काचपट्टीवर ॲराबिडॉप्सिसच्या ४५ जनुकांचे ठिपके ठेवून कोणते जनुक किती जागे आहे ते एकदम वाचले गेले. मायक्रोॲरे म्हणून ही पद्धत जगभर पोचली. त्या कामात ठिपके बसल्यावर उरलेल्या अमाइनांना सक्सिनिक ॲनहायड्राइड देऊन त्यांचा धनभार मोडत, म्हणजे नंतर येणारा डीएनए काचेला न चिकटता आपला जोडीदारच शोधे. प्रतिपिंडांच्या कामात हेच गायीचे अल्ब्युमिन करते, नाहीतर साधी दुधाची पावडर. विद्यार्थी ही पायरी घाईने उरकतात. मी त्यांना इथेच सर्वांत जास्त वेळ थांबवते.

आणि समवाय? इथे तो नाहीच. ज्या बंधाला आम्ही पक्का म्हणतो तो सिलिकॉन-ऑक्सिजनचा दुवा पाण्याने घडतो आणि पाण्यानेच हळूहळू तुटतो. अमिनोसिलेनाच्या बाबतीत तर वरचा अमाइन आपल्या आखूड दांड्यावर वाकून बुडाशी पोचतो आणि तो तोडायला पाण्याला मदत करतो. म्हणून तयार काचपट्ट्यांच्या डब्यात सिलिका जेलची पुडी टाकतात, झाकण घट्ट लावतात, आणि झाकणावर पेन्सिलने तारीख लिहितात.