युद्धाचा शेवट आणि अस्त्राची मर्यादा

जासई गावाच्या वायव्येला, खाडीपलीकडे ट्रॉम्बे येथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही भारताची पहिली अणुभट्टी कार्यान्वित झाली आणि १९७४ च्या पोखरण अणुचाचणीचे प्लुटोनियम तेथीलच ‘सायरस’ भट्टीतून आले. त्यामुळे युद्ध संपवण्यासाठी अण्वस्त्र वापरणे धर्म्य ठरते काय, हा प्रश्न या परिसराला परका नाही.

होकार देणारे परिणामवादाचा, म्हणजे कृतीचे मोल तिच्या फलावरून ठरवणाऱ्या मताचा, आधार घेतात आणि हिरोशिमावरील अणुबॉम्बमुळे लांबणारे युद्ध टळून अधिक जीव वाचले असे मांडतात. परंतु ६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी तेथील एका बँकेच्या दगडी पायरीवर बसलेल्या माणसाची केवळ सावली मागे उरली आणि वर्षअखेरपर्यंत सुमारे १,४०,००० जीव गेले; त्यांतील बहुसंख्य नागरिक होते आणि इतरांच्या प्राणांचे मोल म्हणून त्यांचे प्राण खर्ची घालण्याचा अधिकार कोणालाही नव्हता.

महाभारताच्या सौप्तिकपर्वात हाच पेच आहे. अश्वत्थामा आणि अर्जुन एकमेकांवर संहारक अस्त्रे सोडतात; व्यास आणि नारद मध्ये उभे राहताच अर्जुन आपले अस्त्र आवरतो. अश्वत्थाम्याला मात्र ते आवरण्याची विद्या अवगत नाही, म्हणून त्याचे अस्त्र पांडवस्त्रियांच्या गर्भांवर जाऊन पडते. किरणोत्सर्ग, म्हणजे अणूंतून बाहेर पडणारी भेदक ऊर्जा, हिरोशिमातही मातांच्या उदरातील बालकांपर्यंत पोहोचला होता.

प्रथम वापर न करण्याचे भारताचे २००३ चे धोरण संयमाचे असले, तरी त्यात प्रत्याघाताची मुभा उरतेच. सोडल्यावर आवरता न येणारे आणि अजात जीवांनाही न वगळणारे अस्त्र कोणत्याही हेतूने धर्म्य ठरू शकत नाही.