धूमकेतूचे कूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असा आपल्याकडे संकेत आहे. परंतु धूमकेतूच्या बाबतीत हा संयम आपल्या पूर्वजांनी पाळलेला दिसत नाही. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत केतुचाराचा जो अध्याय लिहिला, त्यात केतूंची, म्हणजे धूमकेतूंची, सविस्तर वंशावळच दिलेली आहे: 25 सूर्याचे पुत्र, 25 अग्नीचे, 25 मृत्यूचे, 22 भूमीचे, 3 चंद्राचे, 84 शुक्राचे, 65 गुरूचे, 60 मंगळाचे, आणि याच क्रमाने शनी, बुध, राहू, वायू, वरुण, प्रजापती इत्यादिकांची संतती मोजीत मोजीत एखाद्या दक्ष कुळकर्ण्याच्या हिशेबाप्रमाणे ही बेरीज बरोबर 1000 भरते. गर्ग, पराशर, असित, देवल यांची मते आपण पाहिली आहेत असे तो सांगतो. कोणी केतू 101 मानतात, कोणी 1000, आणि नारदाच्या मते केतू एकच असून तोच नाना रूपे धारण करतो, हेही तो नमूद करतो. आणि इतका सर्व तपशील देण्याआधीच, केतूंचे उदयास्त गणिताने जाणता येत नाहीत, अशी स्वच्छ कबुली तो देऊन टाकतो. ग्रहणे वर्तविण्याच्या रीती पंचसिद्धान्तिकेत संग्रहित करणाऱ्या गणितज्ञाच्या लेखणीतून उतरलेली ही कबुली मला त्या सबंध वंशावळीहून अधिक मोलाची वाटते, कारण धूमकेतूच्या भयाचे खरे कारण तीत सापडते. सूर्यचंद्रादी सर्व गोलक पंचांगाच्या अमलाखाली आलेले असताना हा एकच पाहुणा असा होता, की ज्याच्या येण्याची आगाऊ वर्दी कोणालाही देता येत नव्हती.

पाश्चात्य जगात हाच पेच ॲरिस्टॉटलने निराळ्या रीतीने सोडविला होता. चंद्राच्या वरचा प्रदेश नित्य व निर्विकार, आणि खालचा अनित्य व विकारी, अशी विश्वाची सरहद्द एकदा आखून दिल्यावर, अकस्मात उगवून हळूहळू विरून जाणाऱ्या वस्तूस वरच्या मुलुखात ठाव मिळणे शक्यच नव्हते. तेव्हा पृथ्वीतून निघणारे उष्ण व शुष्क निःश्वास वातावरणाच्या वरच्या थरात पेट घेतात, तोच धूमकेतू होय, असा निवाडा त्याने दिला. पहिल्या शतकात सेनेका या रोमन तत्त्वज्ञाने त्याविरुद्ध तक्रार नोंदविली खरी. धूमकेतूही नियत मार्गाने फिरत असले पाहिजेत आणि ते मार्ग दाखवून देणारा कोणी तरी पुढे जन्मास येईल, अशी आशा त्याने प्रकट केली. परंतु त्या आशेच्या पाठीशी दाखला नव्हता, आणि ॲरिस्टॉटलचा निवाडा पुढे दीर्घकाळ कायम राहिला.

या दीर्घ कालखंडात धूमकेतूसंबंधी टिकाऊ काम कोणी केले असेल, तर ते दरबारी कारकुनांनी. चीनच्या सम्राटांचा असा विश्वास होता, की आकाशातील प्रत्येक उत्पात हा राज्यकारभारावरील शेरा आहे. म्हणून तेथील ज्योतिषखात्यातील अंमलदार धूमकेतू दिसताच त्याची तारीख, तो ज्या नक्षत्रात दिसला ते नक्षत्र, शेपटीची लांबी व दिशा आणि तो किती दिवस दिसत राहिला, ही सर्व हकीकत दप्तरी लिहून ठेवीत. बाबिलोनच्या ज्योतिषांनीही मातीच्या विटांवर अशाच नोंदी कोरल्या. त्यांचा हेतू निव्वळ शकुनाचा होता; परंतु भयापोटी ठेवलेल्या या खातेवह्या पुढे अशा कामी आल्या, की ज्याची कल्पना त्या लेखकांना स्वप्नातही आली नसती. विसाव्या शतकाच्या आरंभी कॉवेल आणि क्रॉमेलिन या दोघा ब्रिटिश गणितज्ञांनी हॅलेच्या धूमकेतूच्या पूर्वीच्या फेऱ्या मागे मागे मोजीत नेल्या, तेव्हा चिनी दप्तरांशी त्यांची रुजुवात घालता आली, आणि इ. स. पूर्व 240 सालची चिनी नोंद त्याच धूमकेतूची असल्याचे दिसून आले. इ. स. पूर्व 164 ची त्याची फेरी बाबिलोनच्या विटांवर नोंदलेली आहे. आपल्याकडे मात्र केतूची आकृती, वर्ण, दिशा आणि फल यांचे वर्णन विपुल असूनही साल व स्थान सहसा नाही. नारदाच्या त्या एक-केतू-मताकडे बोट दाखवून, हॅलेचा शोध आपण अकराशे वर्षे आधीच लावला होता, असे म्हणण्याचा मोह होण्याजोगा आहे. पण तारखेवाचून केलेले विधान, ते कितीही तेजस्वी असो, पुढच्या पिढीस पडताळून पाहता येत नाही, आणि जे पडताळता येत नाही त्यावर इमारत उभी राहत नाही.

ॲरिस्टॉटलने आखलेली ती सरहद्द मोडली 1577 साली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात ह्वेन बेटावर मासे धरीत असता डॅनिश ज्योतिर्विद टायको ब्राहेला सूर्यास्तापूर्वीच पश्चिमेस एक तेजस्वी गोलक दिसला, आणि अंधार पडताच त्याची लांब शेपटी प्रकट झाली. टायकोने त्या वेळी विचारलेला प्रश्न अत्यंत रुक्ष होता: ही वस्तू आहे कोठे? जवळची वस्तू दोन निरनिराळ्या ठिकाणांहून पाहिली असता तिच्या मागील पार्श्वभूमीवर सरकल्यासारखी भासते, आणि ती जितकी दूर तितके हे सरकणे अल्प. चंद्राच्या बाबतीत हा फरक सुमारे एक अंशापर्यंत भरतो. धूमकेतू जर चंद्राच्या खाली असता, तर त्याच्या बाबतीत तो याहूनही मोठा भरावयास हवा होता. टायकोने आपल्या मोठमोठ्या यंत्रांनी रात्रीमागून रात्री मोजणी केली, प्राग येथे हागेसियसने घेतलेल्या वेधांशी स्वतःचे वेध ताडून पाहिले, आणि तो फरक एक चतुर्थांश अंशाच्याही आत आहे असे त्यास आढळले. धूमकेतू चंद्राच्या पुष्कळ पलीकडे होता. म्हणजे निर्विकार म्हणविल्या जाणाऱ्या प्रदेशात विकार घडत होता, आणि ग्रहांना वाहून नेणारे जे घन स्फटिकगोल मानले जात होते त्यांच्यामधून तो खुशाल आरपार चालला होता. गंमत अशी, की याच टायकोने त्याच धूमकेतूवर जर्मन भाषेत जो अहवाल लिहिला, त्यात त्याची अशुभ फलेही यथासांग वर्तविली आहेत. मोजणारा हात आणि भ्यालेले मन एकाच देहात नांदत होते, आणि त्या सहवासात मोजणीत बाध आला नाही.

याच्या उलट उदाहरण गॅलिलिओचे. 1618 साली तीन धूमकेतू दिसले, आणि ग्रासी नावाच्या जेझुइट पंडिताने टायकोच्या पद्धतीने ते चंद्रापलीकडचे ठरविले. तेव्हा 1623 च्या आपल्या ग्रंथात गॅलिलिओने त्याची अशी काही रेवडी उडविली, की ते गद्य आजही वादविवादाचा नमुना म्हणून वाचले जाते. परंतु धूमकेतू ही वस्तूच नसून वर चढलेल्या बाष्पावर सूर्यप्रकाशाने उत्पन्न झालेला आभास असावा, हा जो पर्याय त्याने सुचविला तो चूक होता, आणि बरोबर होता तो ग्रासी. विज्ञानाच्या इतिहासात नायक आणि प्रतिनायक यांच्या भूमिका अगोदरच वाटून ठेवणाऱ्यांनी हे प्रकरण अवश्य वाचावे.

स्थान निश्चित झाले, तरी मार्ग अनिश्चितच होता. केप्लरने तो सरळ रेषेचा मानला. हेवेलियसने तीस किंचित बाक दिला. आणि 1680 च्या शेवटी दिसलेला महाधूमकेतू सूर्याकडे जाताना एक व परतताना दुसरा, असे दोन निराळे धूमकेतू आहेत, अशी खुद्द न्यूटनचीही प्रथम समजूत होती. तो एकच असल्याचे ज्योतिर्विद फ्लॅमस्टीडचे म्हणणे अखेर त्यास पटले, आणि 1687 च्या प्रिन्सिपियामध्ये त्याने दाखवून दिले, की ज्या आकर्षणाने ग्रह बांधलेले आहेत त्याच आकर्षणाने हा स्वैर प्रवासीही सूर्याभोवती अन्वस्ताकार मार्गाने वळतो. एडमंड हॅलेने मग जुनी दप्तरे उलगडून 24 धूमकेतूंच्या कक्षा काढल्या, आणि 1705 साली प्रसिद्ध केलेल्या कोष्टकात त्यास 1531, 1607 आणि 1682 या तीन सालांच्या कक्षा जवळजवळ तंतोतंत जुळताना दिसल्या. अडचण एवढीच होती, की मधली दोन अंतरे समान नव्हती. त्यांत वर्षाहून अधिक तफावत होती. गुरूसारख्या प्रचंड ग्रहाच्या ओढीमुळे ही तफावत पडत असावी, असा कयास करून हॅलेने 1758 च्या अखेरीची मुदत घातली, आणि ती मुदत भरण्यापूर्वी सोळा वर्षे, 1742 मध्ये, तो वारला.

त्या मुदतीचा नेमका हिशेब करण्याचे कष्ट पॅरिसमध्ये क्लेरो, लालांद आणि निकोल-रेन लपोत या विदुषी, अशा तिघांनी उपसले. गुरू व शनी यांच्या ओढीचा परिणाम दीडशे वर्षांच्या मार्गावर टप्प्याटप्प्याने मोजावयाचा होता, आणि कित्येक महिने सकाळपासून रात्रीपर्यंत ही आकडेमोड चालली. गुरूमुळे 518 आणि शनीमुळे 100 दिवसांचा विलंब होऊन धूमकेतू 1759 च्या एप्रिलच्या मध्यास सूर्याच्या अगदी निकट येईल, महिन्याभराचा फरक पडू शकेल, असे त्यांनी जाहीर केले. 1758 च्या नाताळच्या रात्री सॅक्सनीतील पालित्श नावाच्या एका शेतकऱ्याने आपल्या दुर्बिणीतून तो पाहिला, आणि 13 मार्च 1759 रोजी तो सूर्यानजीकच्या बिंदूवर पोहोचला. लपोत यांच्या श्रमांचा उल्लेख क्लेरोने पुढे आपल्या ग्रंथातून गाळला. लालांदने मात्र तो आवर्जून केला, म्हणून आज आपणांस ते नाव ठाऊक आहे. धूमकेतू पंचांगात आला तो असा.

एकोणिसाव्या शतकाने या खात्यात पुष्कळ भर घातली. बीलाचा धूमकेतू 1846 साली सर्वांदेखत दुभंगला आणि 1872 मध्ये त्याच्या वाटेवर उल्कांचा वर्षाव तेवढा झाला. स्कियापारेल्लीने उल्कावर्षाव आणि धूमकेतू यांचे नाते सिद्ध केले. वर्णपटाच्या साहाय्याने धूमकेतूच्या प्रकाशात कार्बनी वायूंची खूण सापडली. परंतु पुढच्या विचाराचे बीज एका क्षुल्लक वाटणाऱ्या तुटीत होते. सव्वातीन वर्षांत फेरी पुरी करणारा एन्केचा धूमकेतू प्रत्येक वेळी सुमारे अडीच तास लवकर येई. आकाशात काही विरळ द्रव्य भरलेले असून त्याच्या घर्षणाने कक्षा आखूड होत असावी, अशी उपपत्ती एन्केने दिली. पण तसे असते तर सगळेच धूमकेतू लवकर यावयास हवे होते, आणि हॅलेचा तर हिशेबापेक्षा उशिरा येतो. हे कोडे 1950 साली फ्रेड व्हिपल यांनी सोडविले. धूमकेतूचा गाभा म्हणजे धूळ मिसळलेल्या बर्फाचा एक घट्ट गोळा असून सूर्याच्या उष्णतेने त्याची वाफ एका बाजूने फुसांडत बाहेर पडते, आणि गोळा स्वतःभोवती कोणत्या दिशेने फिरतो त्यावर अवलंबून ती वाफ त्यास कधी पुढे रेटते तर कधी मागे, असे त्यांनी दाखविले. धूमकेतू म्हणजे वाळूकणांचा सैल थवा, असे मत त्या काळी केंब्रिजच्या लिटलटन यांच्यासारखे जाणतेही मांडीत होते. पण त्या मताने अडीच तासांचा जमाखर्च जुळत नव्हता.

त्याच वर्षी लायडेन येथे यान ऊर्ट यांनी कुळाच्या मूळ प्रश्नास हात घातला, आणि तोही केवळ 19 धूमकेतूंच्या कागदपत्रांवरून. ग्रहांच्या ओढीचा परिणाम वजा करून या धूमकेतूंच्या पूर्वीच्या कक्षा काढल्या असता त्यांतील बहुसंख्य अतिदूरच्या एकाच टापूतून निघालेल्या दिसतात. परंतु ग्रहमालेतून एकदा जरी फेरी झाली, तरी ग्रहांच्या ओढीने कक्षेत एवढा फेर पडतो, की तो मूळचा समुदाय विखरून जावा. तो विखुरलेला नाही, याचा अर्थ हे धूमकेतू प्रथमच आत येत आहेत. सूर्य-पृथ्वी अंतराच्या 50,000 ते 1,50,000 पट दूर, सूर्याच्या सत्तेच्या अगदी हद्दीवर, शंभर अब्जांहून अधिक हिमगोलांचा मेघ असावा, आणि जवळून जाणाऱ्या ताऱ्यांच्या धक्क्याने त्यांतील एखादा आत ढळत असावा, असा निष्कर्ष त्यांनी काढला. या मेघातील एकही रहिवासी त्याच्या मूळ स्थानी आजवर कोणी पाहिलेला नाही, हे लक्षात घेतले म्हणजे त्या अनुमानाची धिटाई ध्यानी येते.

अल्प मुदतीचे बहुतेक धूमकेतू या मेघातून येत नाहीत. नेपच्यूनपलीकडच्या चपट्या पट्ट्यातून निसटून ते गुरूच्या तावडीत सापडतात. या पट्ट्याची कल्पना एजवर्थ व कायपर यांनी शतकाच्या मध्यास मांडली होती, आणि त्यातील पहिला गोलक जेविट व लू यांना 1992 मध्ये दिसला. ज्योतिर्विद अशा धूमकेतूंना आज गुरूच्या कुटुंबातले म्हणतात, आणि त्यांची गणती शेकड्यांनी आहे. वराहमिहिराने गुरूस 65 पुत्र दिले होते. संख्या चुकली, आणि शिवाय हे पुत्र औरस नसून दत्तक निघाले.

मार्च 1986 मध्ये जोत्तो यानाने हॅलेच्या धूमकेतूचा गाभा सुमारे 600 किलोमीटरांवरून पाहिला, तेव्हा व्हिपल यांचे म्हणणे खरे ठरले. मात्र तो सुमारे 15 किलोमीटर लांबीचा गोळा कोळशाहून काळा होता. अवघड प्रश्न उभे राहिले ते पुढे. स्टारडस्ट यानाने विल्ट-2 या धूमकेतूची धूळ 2006 साली पृथ्वीवर आणली, आणि अतिशीत प्रदेशात जन्मलेल्या या वस्तूत, सूर्याच्या सान्निध्यात प्रखर उष्णतेतच घडू शकतील अशी खनिजे मिळाली. तेव्हा ग्रहमाला घडत असताना आतले द्रव्य फार दूरवर फेकले गेले असले पाहिजे. पृथ्वीवरील सागरांचे पाणी धूमकेतूंनी आणले असावे, या मताचीही हीच गत: हार्टली-2 च्या पाण्यातील जड हायड्रोजनाचे प्रमाण आपल्या सागराशी जुळले, पण 2014 मध्ये रोझेटा यानाने गाठलेल्या चुर्युमोव्ह-गेरासिमेंको धूमकेतूत ते तिपटीहून अधिक भरले. कुळे एकाहून अधिक आहेत, आणि ती परस्परांत मिसळलेली आहेत.

30 ऑगस्ट 2019 रोजी क्रिमियात बोरिसोव्ह या हौशी वेधकाराने एक धूमकेतू शोधला. रूपाने तो चारचौघांसारखाच होता. पण थोड्याच दिवसांत जमलेल्या वेधांवरून कळले, की त्याची कक्षा सूर्याच्या बंधनात बसतच नाही. तो दुसऱ्या एखाद्या ताऱ्याच्या मुलुखातून आला होता. धूमकेतू परक्या प्रदेशातून येतात, हे लाप्लासचे मत ऊर्ट यांच्या हिशेबानंतर जवळजवळ निकालात निघाले होते. अपवादापुरते का होईना, ते परत विचारात घेणे भाग पडले. त्याच वर्षी युरोपच्या अंतराळसंस्थेने एक योजना निवडली: पृथ्वीपासून सुमारे 15 लक्ष किलोमीटरांवर यान नेऊन ठेवावयाचे, आणि ऊर्ट यांच्या मेघातून किंवा त्याहूनही दुरून प्रथमच आत येणारा धूमकेतू सापडेपर्यंत तेथे थांबून राहावयाचे. जो इसम अद्याप हद्दीत आलेला नाही आणि ज्याचे नावही कोणास ठाऊक नाही, त्याच्या भेटीसाठी खर्च मंजूर झाल्याचे असे दाखले कोणत्याही सरकारी दप्तरात फार थोडे सापडतील.