एक टेंभुर्णी, एक सोलापूर



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक २० ते २२.

या तीन श्लोकांत भगवंत दानाचे तीन प्रकार सांगतात. द्यायलाच हवं म्हणून, योग्य जागी, योग्य वेळी, जो परतफेड करू शकणार नाही अशाला दिलेलं ते सात्त्विक. परतफेडीवर किंवा फळावर डोळा ठेवून, नाहीतर जिवावर येऊन दिलेलं ते राजस. आणि तुच्छ लेखून, अपमान करून, भलत्या जागी दिलेलं ते तामस.

हे श्लोक मी कितीदा तरी वाचलेत, पण दरवेळी देणाऱ्याच्या जागी बसून. मागच्या महिन्यात पहिल्यांदा घेणाऱ्याच्या जागी बसलो.

रात्री फोन आला, आईला सोलापूरला दवाखान्यात नेलंय. होतो तसाच निघालो, स्वारगेटहून मिळेल ती एसटी पकडली. कंडक्टर जवळ आले तेव्हा लक्षात आलं, मोबाईल बंद पडलाय. पाकिटात वीसची एक नोट. सगळं यूपीआयवर चालतं ना आपलं! मी आईचं काहीतरी पुटपुटलो. मागचे दोघंतिघं वळून बघायला लागले.

शेजारच्या काकांनी पैसे पुढे केले आणि सहज म्हणाले, "एक टेंभुर्णी, एक सोलापूर द्या." जणू आम्ही दोघं घरूनच बरोबर निघालो होतो.

मग मी त्यांच्या मागेच लागलो. काका, नंबर द्या, फोन सुरू झाला की लगेच पाठवतो. ते म्हणाले, "आधी आईकडं बघा." आणि डोळे मिटून बसले. टेंभुर्णीला उतरले. नावही कळलं नाही.

आई आता बरी आहे. पण ते पैसे मला कित्येक दिवस टोचत राहिले. याला मी कृतज्ञता समजत होतो. आज हे श्लोक वाचताना कळलं, तो अहंकार होता. ऑफिसात पेंडिंग काम क्लोज केल्याशिवाय चैन पडत नाही, तसे मला काकांचे उपकार क्लोज करायचे होते. मी कुणाचं देणं लागतो, हेच सहन होत नव्हतं.

आणि बाविसाव्या श्लोकाने दुसरी गोष्ट दाखवली. काकांनी नुसतं तिकीट काढलं नाही, चारचौघांत माझी लाज राखली. पैसे तर मीही देतो. पण समोरून 'थँक यू' आलं नाही तर खट्टू होतो. म्हणजे माझं खातं अजून राजसातच आहे!

नाथांची गोष्ट आपल्याला माहीत आहे. काशीहून रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड त्यांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातली. आपण नेहमी नाथांकडे बघतो. आज मला ते गाढव आठवलं. त्याने परतफेडीचा विचार केला नाही, फक्त पाणी प्यायलं. आपल्याला कधीकधी तेवढंही जमत नाही.

आजची साधना छोटीशीच. कुणाला काही द्याल तर काकांसारखं, शेजारच्यालाही कळू न देता. आणि कुणी प्रेमाने दिलं, तर नंबर न मागता, हात जोडून घ्या. देणारा तोच, विठ्ठल. कधी टेंभुर्णीला उतरतो, एवढंच.

राम कृष्ण हरी!