विहीर कोणाची?



उत्पत्तीच्या २६व्या अध्यायातील विहिरींची कथा आपल्या परिचयाची आहे. इसहाकाच्या चाकरांनी खणलेल्या विहिरीवर गराराच्या गुराख्यांनी हक्क सांगितला; तिचे नाव पडले एसेक, म्हणजे कलह. दुसरीचे सितना, म्हणजे वैर. तिसरीवर भांडण झाले नाही. ती रहोबोथ, म्हणजे मोकळी जागा. पाणी तिन्ही विहिरींना लागले होते. भेद होता तो माणसांच्या वागणुकीत.

भिलाईत ही कथा वाचताना जवळची शिवनाथ नदी आठवते. बोरई औद्योगिक क्षेत्राला पाणी पुरविण्यासाठी १९९८ साली, तेव्हाच्या मध्य प्रदेशात, नदीचा सुमारे २३ किलोमीटरचा पट्टा करार करून २२ वर्षांसाठी एका खाजगी कंपनीकडे सोपविण्यात आला. काठच्या गावांना आपलीच नदी परकी झाली. २००७ साली छत्तीसगड विधानसभेच्या लोकलेखा समितीने हा करार रद्द करण्याची शिफारस केली.

कंपनीला दोष देणे सोपे आहे. पण आपल्या शिवाराचे काय? महाराष्ट्र शासनाने २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आणली; ५० हजार रुपयांपर्यंत अनुदान. पावसाचे पाणी अडावे हा हेतू. परंतु दुष्काळी भागात अनेक शेततळी प्लास्टिक अंथरून विहिरी व कूपनलिकांच्या पाण्याने भरली गेली. बाग वाळत असताना कर्जबाजारी शेतकऱ्याने दुसरे काय करावे, हा प्रश्न खरा आहे. पण जमिनीखालच्या पाण्याला बांध नसतो. एकाचे तळे भरते तेव्हा शेजारच्या विधवेची विहीर आटते, आणि तळ्याच्या खर्चात तिच्याही कराचा पैसा असतो.

मग अनुदान बंद करावे काय? नाही. उपाशी माणसाला विहीर खणवत नाही. अनुदानाबरोबर बंधन मात्र हवे. अहमदनगर जिल्ह्यात आयुष्य वेचलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर हर्मन बाखर यांच्या प्रेरणेने इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला. पैसा जर्मनीचा, नाबार्डमार्फत आलेला. पण अट गावाला होती: श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी. जो घेतो त्याने सोडलेही पाहिजे, हाच त्यामागचा विचार.

वाचकहो, अनुदानाच्या अर्जात जमिनीचा गट क्रमांक विचारतात. शेजाऱ्याचे नाव विचारीत नाहीत. ते देवाने विचारून ठेवले आहे. अर्जावर सही करण्यापूर्वी आपण स्वतःशीच ठरवावे: माझ्या विहिरीचे नाव एसेक असेल, की रहोबोथ?