दगडावरची एक ओळ

इस्रायलच्या दक्षिणेतलं दिमोना गाव. कोकणातून आलेल्या बेने इस्रायल ज्यू घरातली मावशी आणि तिचा भाचा बोलत बसले आहेत. मामा राखीव दलात होता, 1973च्या युद्धात सिनाईत पडला. लष्करी दफनभूमीत दगडावरचा मजकूर ठरावीक असतो. 1995च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर घरच्यांना त्यात आपले शब्द घालता येतात.

"मावशी, 'कापड गिरणीतला कामगार' असं लिहूया. वर्षातले काही आठवडे सोडले तर मामा गिरणीतच असायचा."

"आणि सैनिक होता ते?"

"हुद्दा कोरलेला आहेच की."

"त्या हुद्द्याची किंमत तुला नाही कळायची. 1962मध्ये रब्बींनी हुकूम काढला होता: बेने इस्रायलांचं लग्न लावण्याआधी आई, आजी, तिची आई, जमेल तितक्या मागच्या पिढ्या तपासा. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात आपल्याला शनवार तेली म्हणत. आणि इथे आपल्यालाच ज्यू असल्याचा पुरावा मागितला! यरुशलेममध्ये धरणं धरली, तेव्हा कुठे 1964मध्ये हुकमातून आपलं नाव निघालं. तुझ्या मामाला पलटणीत बोलावताना मात्र कोणी आजी विचारली नाही."

"म्हणून त्याचं मरण आपला दाखला करायचं? जो दाखला जिवंतांकडे मागायलाच नको होता, तो मेलेल्याने का द्यावा?"

"दाखला म्हणू नकोस. युद्ध पेटलं त्या दिवशी योम किप्पूरचा उपास होता, रेडिओ बंद. दुपारी भोंगे वाजले, मग रेडिओवर पलटणींच्या खुणेचे शब्द यायला लागले. त्याचा शब्द आला तसा तो पाणी पिऊन निघाला. कोणी ओढून नेलं नाही त्याला."

"जाताना काय म्हणाला?"

"सोबतच्या कामगाराची बायको बाळंत व्हायची होती. त्याची रविवारची पाळी याने कबूल केली होती. म्हणाला, उद्या जमेलसं दिसत नाही, आल्यावर दोन पाळ्या भरून देईन म्हणून सांग."

"बघ, म्हणजे त्याला परत यायचं होतं! राखीव माणूस कबूल केलेली कामं मागे ठेवून जातो. दगडावर ती कुठेच नाहीत."

"घरच्यांना ठाऊक आहेत. दगड परक्यांसाठी असतो."

"तू गेल्यावर सगळे परकेच, मावशी. मीसुद्धा त्याला पाहिलेलं नाही."

माझं मत भाच्यासारखं आहे. तरी मावशीचं म्हणणं बाजूला सारत नाही. आपल्या कुळाबद्दल ज्यांना कधी कोणी विचारलं नाही, त्यांना हुद्दा किरकोळ वाटणं सोपं आहे. मामाने ज्या समाजातून गणवेश चढवला, तिथे तो नुसता कपडा नव्हता. पण त्या गणवेशाखाली रविवारची पाळी बुजू देणं मला अन्याय वाटतो.

बऱ्याच वेळाने मावशी म्हणाली, "'दुसऱ्याची पाळी करायचा' असं लिही."

"एवढंच?"

"ज्याने गिरणीत दिवस काढलेत त्याला कळेल. बाकीच्यांनी विचारावं. आणि हुद्द्याची अक्षरं पुसट झालीत, तीही रंगवून घे."