मुक्या जिवाची तक्रार

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत धानाच्या बांधीवर रात्रीची जागल करणाऱ्या शेतकऱ्याचा खरा सोबती म्हणजे कुत्रा. रानडुकरांची चाहूल माणसाच्या आधी त्याला लागते. शेती, गुरे व शिकार यांसाठी कुत्रा पाळण्याची मुभा हदीसने दिली आहे. त्याच्या लाळेच्या नापाकीचे मसाइल आपल्याला तोंडपाठ असतात. त्याच्या हक्कांचे मसाइल मात्र क्वचितच विचारले जातात. असा मुका जीव आजारी पडला आणि धन्याच्या ते ध्यानीच आले नाही, तर ‘मला माहीत नव्हते’ ही सबब अल्लाहच्या दरबारात चालेल काय?

बुखारी शरीफमधील प्रसिद्ध हदीस या दृष्टीने पुन्हा पाहावी. तहानलेला एक वाटसरू विहिरीत उतरून पाणी प्याला. वर येतो तो एक कुत्रा तहानेने ओली माती चाटत होता. मघाशी आपली जी अवस्था होती तीच याची आहे, हे त्याने ओळखले. पुन्हा खाली उतरला, मोजा पाण्याने भरला, तो तोंडात धरून वर आला आणि कुत्र्याला पाणी पाजले. अल्लाहने त्याला क्षमा केली. आपण पाण्याचा सवाब सांगतो. परंतु पाण्याच्या आधी ओळख होती. ओली माती चाटणे ही त्या जिवाची भाषा होती आणि ती वाचणारे डोळे त्या माणसापाशी होते.

आपल्या दारच्या कुत्र्याची तक्रार त्याच्या भांड्यात लिहिलेली असते. निरोगी कुत्रा दिवसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण 50 ते 60 मिलिलिटर पाणी पितो. म्हणजे 15 किलोचा कुत्रा एक लिटरच्या आत. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात ते वाढणारच. परंतु उन्हाची तहान सावलीत व गारव्यात उतरते. हवा थंड असूनही भांडे पुनःपुन्हा रिते होत असेल, लघवी वाढली असेल, तर मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह, किंवा मादीच्या गर्भाशयातील पू यांची शंका घ्यावी. भूक असून कुत्रा रोडावत असेल, तेही आजाराचेच लक्षण. गोचिडांमुळे होणाऱ्या तापात तो अन्नाला तोंड लावत नाही. दिवसभर अन्न तसेच पडून राहिले, सोबत उलट्या किंवा सुस्ती असली, तर वाट पाहू नये. घास गिळता येत नसेल, लाळ गळत असेल, स्वभाव पालटला असेल, तर घशात काही अडकले असेल म्हणून तोंडात हात घालू नये. तो पिसाळण्याचा रोग असू शकतो. अशा वेळी मुलांना दूर ठेवून पशुवैद्यकाला कळवावे.

कोणी म्हणेल, नापाक जनावराकडे इतके लक्ष कशाला? नापाकी हा पाकीचा मसला आहे. तिरस्काराचा परवाना नव्हे. भांडे वेगळे ठेवावे, लाळ लागल्यास नियमाप्रमाणे धुवावे. भांड्यात काय उरले, हे पाहण्याने वुजू जात नाही.

शिवाय साखळीचा विचार करावा. मांजरीला कोंडून ठेवणाऱ्या स्त्रीचा गुनाह हदीसने नेमका सांगितला आहे: तिने तिला खाऊही घातले नाही आणि स्वतःचे भक्ष्य शोधायला मोकळेही सोडले नाही. मोकळा कुत्रा नाल्यावर जाऊन पाणी पिईल. बांधलेल्याची तहान धन्याच्या गळ्यात पडते. इमाम इज्जुद्दीन इब्न अब्दुस्सलाम यांनी तर जनावरांच्या हक्कांत हेही नोंदवले आहे की, ते वृद्ध वा आजारी होऊन उपयोगाचे राहिले नाही, तरी त्याचा खर्च धन्यावर आहे.

कुवतीबाहेरचा बोजा अल्लाह कोणावर टाकत नाही. पोटातला रोग दिसला नाही, तर पशुवैद्यक नसलेल्या धन्याला दोष नाही. पण ‘कळले नाही’ आणि ‘पाहिले नाही’ यांत अंतर आहे. पहिली सबब आहे. दुसरी अमानतीतील कसूर आहे. म्हणून रात्री भांडे भरणाऱ्याने सकाळी ते पाहावेही. घरातील एखाद्या मुलाकडे हे काम सोपवावे, म्हणजे अमानत या शब्दाचा अर्थ त्याला लहानपणीच उमगेल.

न बोलणाऱ्यांची तक्रार वाचण्याची नजर अल्लाहतआला आपणा सर्वांना देवो. आमीन.