बदललेली गोळी आणि न सांगितलेला त्रास

रक्तदाबाची गोळी एखाद्या वयस्कर माणसाने आपल्या मनाने बंद केली की त्याला बेफिकीर म्हटलं जातं. हा आरोप मला अन्यायाचा वाटतो. माझी मावशी बेंगळुरूच्या चामराजपेटमध्ये राहते. १८९२ साली वसलेला हा जुना भाग. व्हिक्टोरिया हॉस्पिटलही जवळच. औषध मिळत नाही अशी तक्रार तिथे कुणी करणार नाही. तरी मावशीने गोळ्या सोडल्या. अ‍ॅम्लोडिपिनने तिचे घोटे सुजले. ती बदलून रॅमिप्रिल दिली, तर कोरड्या खोकल्याने रात्री उठून बसायची वेळ आली. काढे झाले, खोकल्याची बाटली झाली. ‘या गोळ्या आल्यापासूनच सगळं बिघडलं’ असं म्हणून तिने त्या बंद केल्या. तिचं निदान बरोबर होतं. उपाय तेवढा धोक्याचा होता.

हे दोन्ही त्रास वैद्यकाला नवे नाहीत. अ‍ॅम्लोडिपिन धमन्यांची बारीक टोकं सैल करते, पण रक्त परत नेणाऱ्या शिरा त्या प्रमाणात सैल होत नाहीत. केशवाहिन्यांतला दाब वाढतो आणि पाणी घोट्याशी झिरपतं. म्हणून या सुजेवर लघवीची गोळी फारशी चालत नाही. मात्रा कमी करणं किंवा औषध बदलणं उपयोगी पडतं. रॅमिप्रिल ज्या विकराला अडवते, तोच विकर ब्रॅडिकिनिन नावाचा पदार्थही मोडत असतो. हे ब्रॅडिकिनिन साचलं की घसा खवखवतो. लोसार्टन किंवा टेल्मिसार्टन त्या वाटेला जात नाहीत, म्हणून त्यांनी असा खोकला सहसा होत नाही.

बदलानंतरचे पहिले आठवडे सगळ्यात फसवे असतात. अ‍ॅम्लोडिपिनचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला ३० ते ५० तास लागतात; ती पुरती जायला आठवडा लागू शकतो. रॅमिप्रिलचा खोकला थांबायला बहुधा एक ते चार आठवडे, कधी त्याहूनही जास्त. हे माहीत नसलेला माणूस जुन्या गोळीचा त्रास नव्या गोळीच्या नावावर टाकतो आणि तीही सोडतो. अ‍ॅटेनोलॉलसारखी गोळी एकाएकी थांबवली तर छातीत दुखण्यापर्यंत मजल जाऊ शकते. लघवीच्या गोळीने वयस्करांच्या रक्तातलं सोडियम उतरतं, आणि घरचे त्या गळाठ्याला म्हातारपण समजतात. ओठ किंवा जीभ सुजली, तर मात्र वाट न पाहता इस्पितळ गाठायचं.

डॉक्टरांची एक अडचण खरी आहे. दुष्परिणाम आधी सांगितले की ते जास्त जाणवतात. इटलीतल्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अ‍ॅटेनोलॉल घेणाऱ्या ज्या पुरुषांना औषधाचं नाव सांगितलं नव्हतं त्यांच्यापैकी ३.१ टक्क्यांनी लैंगिक अडचण सांगितली; नाव आणि दुष्परिणाम दोन्ही सांगितलेल्यांत हा आकडा ३१.२ टक्के झाला. तरी यातून गप्प राहावं असं निघत नाही. नुसती भीतीची यादी वाचून दाखवणं वेगळं; आणि ‘खोकला आला तर मला कळवा, दुसरी गोळी आहे, पण मध्येच बंद करू नका’ असं म्हणणं वेगळं. या दुसऱ्या वाक्याला अर्धं मिनिट लागतं.

रुग्णाच्या तक्रारीतूनच औषधशास्त्र शिकत आलं आहे. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेचा रक्तदाबावरचा गुण जगापुढे मांडला. तिच्यातून निघालेल्या रेसर्पिनने नाक चोंदतं, काहींचं मन खिन्न होतं, हे पुढे ती घेणाऱ्यांच्या सांगण्यातूनच कळत गेलं. आज गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाकडे असा त्रास रुग्णालाही थेट कळवता येतो. १८००-१८०-३०२४ हा फोन निःशुल्क आहे, आणि रुग्णांसाठीचा अर्ज मराठीत आहे, कन्नडमध्येही. दवाखान्याच्या भिंतीवर हा क्रमांक मला अजून दिसलेला नाही.

आणखी एक घोळ फक्त बदलाच्या वेळी होतो. नवं पाकीट येतं, जुनं डब्यात राहतं. नावं वेगळी, आतलं औषध एकच. दोन्ही घेतली जातात, आणि सकाळी अंथरुणातून उठताना माणूस कोसळतो. म्हणून माझी मागणी चिठ्ठीवरच्या चार ओळींची आहे: कोणती गोळी थांबली, कोणती सुरू झाली, रक्तदाब आणि रक्त पुन्हा कधी तपासायचं, आणि मधल्या काळात फोन कुणाला करायचा.